मामाचे सुजलेले पाय, सापाचं विष आणि एंडोथेलिन

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी सकाळी मामांचा फोन आला. मामा वाळवा तालुक्यात असतात, ऊस आहे, दोन म्हशी आहेत, शुगर वीसेक वर्षं जुनी आणि गेली दोन वर्षं लघवीतून प्रोटीन जातंय. मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते म्हणून आमच्या अख्ख्या खानदानात मी अर्धी डॉक्टर, म्हणजे फी न घेणारी.

"काय गं पोरी, किडनीची नवी गोळी आलीया म्हणं अमेरिकेत. ग्रुपवर आलंय. मी घ्यू का?"

मी म्हटलं मामा आधी तो मेसेज पाठवा. आला. वरती फुलं, गुड मॉर्निंग, त्याखाली चार ओळी, डायलिसिस लागत नाही वगैरे, आणि त्यात चक्क एंडोथेलिनला अडवणाऱ्या अ‍ॅट्रासेंटानचं नाव. मी खुर्चीत सरळ होऊन बसले. कारण एम फार्मला असताना सहा महिने मी एंडोथेलिन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एकाच रेणूमागे घालवले होते आणि तेव्हा आमचे सर म्हणायचे, याच्या रिसेप्टरवरची (पेशीवर जिथे हा रेणू चिकटतो ती जागा) औषधं फुफ्फुसाच्या बीपीपुरतीच, किडनीत यांचं काही खरं नाही. आणि आता ते नाव गुड मॉर्निंगच्या फुलांखाली. म्हटलं यावर एकदा नीट लिहूनच काढावं, मामांना सांगितलं तसंच.

तर गोष्ट जपानपासून. त्सुकुबा युनिव्हर्सिटी, १९८८. रक्तवाहिनीच्या आतून जे पेशींचं पातळ अस्तर असतं, एंडोथेलियम, ते नुसतं अस्तर नाही, त्यातून वाहिनी सैल करणारं काहीतरी सुटतं हे तोपर्यंत कळलं होतं. पण आवळणारंही काहीतरी सुटतं असा वास १९८५ पासून येत होता, सापडत मात्र नव्हतं. तोमोह मासाकी यांच्या लॅबमधे मासाशी यानागिसावा नावाचा पीएचडीचा पोरगा होता, त्याने आणि बाकीच्यांनी डुकराच्या महाधमनीच्या पेशी वाढवल्या, ज्या पाण्यात वाढवल्या तेच पाणी गाळून गाळून त्यातून २१ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी काढली, तिची जीन पण काढली आणि सगळं एकदमच छापलं. तोवर माहीत असलेल्या आवळणाऱ्या पदार्थांत हा सगळ्यात जबरदस्त. (झोप आणि जाग सांभाळणाऱ्या ओरेक्सिन या रेणूच्या शोधातही नंतर हाच यानागिसावा पुढे होता. काही लोकांना एका जन्मात दोन दोन लॉटऱ्या लागतात.)

आणि मग सापाची गंमत. इस्राएलमधे मृत समुद्राच्या बाजूला बिळात राहणारा एक काळा साप आहे, तोंड न उघडता एक दात बाजूने काढून मारतो, त्याच्या विषातलं सॅराफोटॉक्सिन त्याच सुमारास उलगडलं आणि बघतात तर काय, तेही २१ अमिनो आम्लांचं, साखळी आतून बांधणारे तसेच दोन गंधकाचे पूल, त्याच जागी. म्हणजे साप ज्याने माणसाचं हृदय आवळून मारतो जवळजवळ तीच वस्तू आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीच्या अस्तरात रोज तयार होतेय. हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मोबाईल खाली ठेवतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. ऑर्गन बाथ म्हणजे काचेचं भांडं, त्यात उंदराच्या धमनीची अंगठीसारखी बारीकशी चकती टांगायची, कोमट क्षारद्रावण, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, आणि चकती किती आवळते त्याची रेघ उमटत जाते. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन (हेही आवळणारंच) टाकलं की रेघ झपकन वर जाते, धुतलं की झपकन खाली. एंडोथेलिन टाकलं की रेघ काही करतच नाही असं वाटतं, मग हळूहळू, अगदी आरामात चढत जाते, आणि चढली की धुवा, परत धुवा, पुन्हा धुवा, ती खाली यायचं नाव घेत नाही. मी त्या दिवशी डबा खाऊन आले, पोस्टातलं काम करून आले, रेघ तिथेच. एकदा चिकटलं की सुटत नाही हा या रेणूचा स्वभाव, आणि तो मला पुस्तकातून नाही त्या रेघेवरून कळला. एक बारीकशी बाटली, त्यात मायक्रोग्रॅममधे पांढरं काहीतरी, दिसतही नाही धड, आणि किंमत अशी की उघडताना हात थरथरायचा.

पण एक विचित्र गोष्ट होती. हेच जिवंत उंदराच्या शिरेत टोचलं तर बीपी आधी क्षणभर खाली येतं आणि मगच वर जाऊन बसतं. आवळणारं औषध आधी सैल का करतंय? १९८८ मधेच लंडनहून जॉन वेन यांच्या लॅबने दाखवलं की एंडोथेलिन अस्तरातूनच सैल करणारे पदार्थ सोडायला लावतं, आणि शिवाय फुफ्फुस ते रक्तातून वेचून काढतं. १९९० मधे खुलासा झाला, रिसेप्टर एक नाही दोन आहेत, ए आणि बी. ए रिसेप्टर मुख्यतः वाहिनीच्या स्नायूवर, तो आवळतो. बी रिसेप्टर अस्तरावर, तो नायट्रिक ऑक्साइड सोडून सैल करतो, आणि वर सांडलेलं एंडोथेलिन गोळा करून संपवायचं कामही त्याच्याकडेच. म्हणजे एकाच किल्लीची दोन कुलपं, एक दार उघडतं आणि दुसरं लावतं.

(बी रिसेप्टरची जीन काढून टाकली तर उंदीर पांढरे ठिपकेदार होतात आणि आतड्याच्या शेवटच्या भागात नसाच जात नाहीत, शौच अडकून मरतात. माणसात हिर्शस्प्रुंग म्हणतात त्या आजाराचं एक कारण हीच जीन. रंग, आतडं आणि बीपी यांचा एकमेकांशी काय संबंध असं वाटतं, पण गर्भात रंगाच्या पेशी आणि आतड्याच्या नसा एकाच पट्ट्यातून निघून प्रवास करतात म्हणून.)

आता किडनी. इथे मामांना समजवायला मला उसाची दारं धरणं कामाला आलं.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात. त्या पाण्याबरोबर मीठही गाळलं जातं, जवळजवळ दीड किलो. आपण दिवसाला दीड किलो मीठ मुतत नाही, कारण गाळलेलं जवळपास सगळं पुढच्या नळ्यांमधे परत ओढून घेतलं जातं, आणि अगदी शेवटी, मूत्र बाहेर पडायच्या आधी, संकलन नलिका नावाचा जो टप्पा येतो तिथे शेवटचा हिशेब होतो, किती मीठ ठेवायचं किती सोडायचं. कॅनॉलला पाणी सुटलं, मोठ्या पाटाने आलं, पण तुमच्या सरीत किती जाणार हे रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभा असलेला माणूस ठरवतो ना, मामा, तसंच. तो माणूस इथे कोण? अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं, ते मीठ आत ओढायची दारं उघडतं. पण ती दारं लावणारा कोण, तर एंडोथेलिन. तिथे बसलेला बी रिसेप्टर नायट्रिक ऑक्साइडकरवी मिठाची दारं लावतो, मीठ सोडून देतो, आणि त्याच जागी पाणी राखायच्या हार्मोनचंही फार चालू देत नाही.

खरी कमाल म्हणजे शरीरात सगळ्यात जास्त एंडोथेलिन कुठे असतं, तर हृदयात नाही, फुफ्फुसात नाही, किडनीच्या आतल्या गाभ्यात, त्याच संकलन नलिकांच्या भागात. सापाच्या विषाचा भाऊ आणि त्याचं सगळ्यात मोठं दुकान किडनीत, आणि तिथे तो विकतोय काय, तर मीठ बाहेर काढायची सोय! मीठ जास्त खाल्लं की नळीतून पाणी जोरात वाहतं, त्या वाहण्याचा धक्का पेशींना कळतो आणि त्या जास्त एंडोथेलिन बनवतात. बनवतात तिथेच वापरतात. रक्तात मोजून याचा पत्ता लागत नाही, लघवीत जे सापडतं ते किडनीतलं स्वतःचं असतं. रक्तवाहिन्यांतही तसंच, अस्तराच्या पेशी ते रक्ताकडे कमी आणि पलीकडे स्नायूच्या बाजूला जास्त सोडतात. म्हणून मी याला हार्मोन म्हणायला तयार नाही, हा शेजाऱ्याशी भिंतीवरून बोलण्याचा प्रकार आहे.

सुरुवातीला लोक गोंधळले ते याचमुळे. शिरेतून एंडोथेलिन दिलं की किडनीच्या वाहिन्या बाकी शरीरापेक्षा लवकर आवळतात, गाळणं घटतं, लघवीतलं मीठ कमी होतं. मग म्हणायचे एंडोथेलिन मीठ अडवतं. आणि नळीवर काम करणारे म्हणायचे एंडोथेलिन मीठ सोडतं. दोघंही बरोबर. एक कॅनॉलच्या हेडवर उभा आणि एक सरीत.

याचा निकाल लावला तो जीन काढलेल्या उंदरांनी. अमेरिकेत युटा युनिव्हर्सिटीत डोनाल्ड कोहान यांच्या गटाने उंदरांच्या फक्त संकलन नलिकेतलं एंडोथेलिन बंद केलं, बाकी शरीरात सगळं तसंच. २००४ मधे छापून आलं, त्या उंदरांचं बीपी साध्या खाण्यावरच वाढलेलं आणि मीठ वाढवलं की आणखी वर. तिथला फक्त बी रिसेप्टर काढला तरी बीपी वाढतं, थोडं कमी. त्याआधी यानागिसावा यांच्याच लॅबमधे (तोवर ते अमेरिकेत आले होते) बी रिसेप्टर नसलेले मोठे उंदीर, ते ठिपकेवाले, आतड्यापुरता रिसेप्टर परत देऊन जगवले गेले, आणि मीठ दिलं की त्यांचंही बीपी वाढतं असं निघालं. त्यांना अमिलोराइड दिलं, जे ती मिठाची दारंच बंद करतं, तर बीपी उतरलं. मला हा प्रयोग फार आवडतो. दारं कुठली, कोण लावतं, लावली नाहीत तर काय, सगळं एका गोळीत सिद्ध.

मग ए रिसेप्टर किडनीत काय करतो? निरोगी माणसात फारसा त्रास देत नाही. पण शुगर वाढली, बीपी वाढलं, किडनीला सूज आली की किडनीतलं एंडोथेलिन वाढतं आणि ए रिसेप्टर जागा होतो. गाळणीच्या बारक्या वाहिन्या आवळतो, गाळणीच्या आतल्या पेशी वाढवतो, आणि गाळणीला बाहेरून बोटं घालून धरणाऱ्या पोडोसाइट नावाच्या पेशी असतात त्यांची पकड ढिली करतो. चहाच्या गाळणीची जाळी ताणली की चोथा खाली येतो तसं प्रोटीन लघवीत. मामांचं तेच चाललंय. म्हणजे ए बंद करायचा आणि बी ला हात लावायचा नाही, एवढं सोपं वाटतं ना? तिथेच सगळ्यांची गाडी घसरली.

बोसेंटान हे या घराण्यातलं पहिलं औषध, २००१ मधे अमेरिकेत मंजूर, दोन्ही रिसेप्टर बंद करणारं, फुफ्फुसाच्या बीपीसाठी. किडनीत मोठा जुगार खेळला गेला तो ए बंद करायला काढलेल्या अ‍ॅव्होसेंटानवर. १३९२ पेशंट, शुगरची किडनी असलेले. प्रोटीन मस्त उतरलं, जवळपास निम्म्यावर. आणि पेशंट फुगायला लागले. पायाला सूज, फुफ्फुसात पाणी, हार्ट फेल्युअर. साधारण चार महिन्यांतच ट्रायल थांबवावी लागली. २०१० मधे सविस्तर पेपर आला आणि आमच्या सरांचं ते "किडनीत काही खरं नाही" तिथून आलेलं.

का फुगले? डोस जास्त होता, २५ आणि ५० मिलिग्रॅम, आणि त्या डोसला ए बरोबर बी ही थोडाफार बंद होत असणार. म्हणजे जो माणूस बांधावर उभा राहून दारं लावत होता त्यालाच घरी पाठवला. शिवाय नंतर उंदरांत असंही दिसलं की पाणी साचण्यात नळ्यांमधल्या ए रिसेप्टरचाही हात आहे, म्हणजे औषध कितीही निवडक केलं तरी थोडी सूज येणारच. माझ्या मते तो रेणूचा पराभव नव्हता, घाईचा होता. किडनी स्वतःच्या कामासाठी एंडोथेलिन वापरते हे २००४ पासून कागदावर होतं की.

दुधाने तोंड पोळल्यावर अ‍ॅट्रासेंटानवाल्यांनी ताक अगदी फुंकून प्यायलं. डोस ०.७५ मिलिग्रॅम, एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. आणि आधी सहा आठवडे सगळ्यांना औषध देऊन बघायचं, ज्यांचं प्रोटीन ३० टक्क्यांनी तरी उतरतं आणि अंगावर पाणी चढत नाही असे वेगळे काढायचे, त्यांच्यावर खरी ट्रायल. असे २६४८ लोक. ट्रायलचं नाव सोनार, आणि आधी कसाला लावून मग घ्यायचं ही पद्धत बघता नाव आपल्याकडचंच वाटतं. २०१९ मधे लान्सेटमधे निकाल, किडनी निकामी होण्याचा किंवा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साचणारा कचरा) दुप्पट होण्याचा धोका ३५ टक्क्यांनी कमी. पण ट्रायल २०१७ च्या शेवटीच गुंडाळली गेली होती, कारण काय, तर अपेक्षेपेक्षा कमी लोकांच्या किडन्या खराब होत होत्या! आकडेशास्त्र मला कळतं, घटना कमी तर निष्कर्ष लटका, पैसा चालू, सगळं कळतं. तरी हे वाचलं तेव्हा चिडचिड झाली होती आणि आज लिहितानाही होतेय. पुरी झाली असती तर कदाचित मामांसारख्यांसाठी हे औषध आज दुकानात असतं.

मग ते औषध वेगळ्याच दारातून आत आलं. आयजीए नेफ्रोपथी नावाचा आजार आहे, शुगरशी संबंध नाही, बऱ्याचदा तरुण माणसांना होतो, गाळणीत अँटिबॉडी साचतात. तिथे आधी स्पार्सेंटान आलं, एकाच गोळीत एंडोथेलिनचा ए रिसेप्टर आणि अँजिओटेन्सिन या बीपी वाढवणाऱ्या हार्मोनचा रिसेप्टर दोन्ही बंद. ४०४ पेशंटच्या ट्रायलमधे ३६ आठवड्यांत प्रोटीन साधारण ५० टक्क्यांनी उतरलं, नुसतं अँजिओटेन्सिन अडवणाऱ्या इर्बेसार्टानवर १५ टक्क्यांनी. २०२३ मधे अमेरिकेत तात्पुरती मंजुरी, २०२४ मधे पक्की. पण एफएसजीएस नावाच्या दुसऱ्या एका आजारात तेच औषध, प्रोटीन उतरलं पण दोन वर्षांनी किडनीच्या कामात म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणून प्रोटीन उतरलं म्हणजे गड जिंकला असं मी म्हणणार नाही. २०२५ च्या एप्रिलमधे अ‍ॅट्रासेंटानलाही आयजीएसाठी तिकडे मंजुरी मिळाली. मामांच्या ग्रुपवर पोचलेली बातमी ही. त्यातला "आयजीए" हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला आणि "डायलिसिस लागत नाही" हा चिकटला.

शुगरच्या किडनीसाठी मला आशा वाटते ती जोडीत. मामा आधीच डापाग्लिफ्लोझिन घेतात, आपल्याकडे २०२० मधे त्याचं पेटंट संपलं आणि गोळी खेड्यातल्या माणसाला परवडायला लागली. ती साखर आणि मीठ लघवीतून ढकलते, बरोबर पाणी जातं. मग एंडोथेलिनवाली गोळी पाणी साचवते आणि ही काढते, तर दोघींना एकत्रच नांदवलं तर? झिबोटेंटान या ए बंद करणाऱ्या गोळीबरोबर हे करून बघितलं, २०२३ मधे छापलं. नुसत्या डापापेक्षा जोडीने प्रोटीन आणखी उतरलं, १.५ मिलिग्रॅमला सुमारे ३४ टक्के आणि ०.२५ ला २७ टक्के. पाणी साचणं मोठ्या डोसला १८ टक्के लोकांत, छोट्या डोसला ९, आणि नुसत्या डापावर ८. म्हणजे डोस सहापट कमी केला तर फायदा बराचसा तसाच आणि जादाची सूज जवळपास शून्यावर. माझ्यासाठी गेल्या तीस वर्षांच्या खटाटोपाचं सार या आकड्यांत आहे. अर्थात ही १२ आठवड्यांची गोष्ट, मोठी ट्रायल वेगळी.

आणि हो, गरोदर बाईला यातलं काहीही चालत नाही, अजिबात नाही, गर्भाचा जबडा आणि हृदय घडायला हाच ए रिसेप्टर लागतो.

हे सगळं, याहून थोडं कमी, मी मामांना फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे ही गोळी माझ्यासाठी न्हाई."

"नाही मामा. मंजुरी दुसऱ्या आजाराला आहे. आणि तुमचे पाय आधीच सुजतायत म्हणालात ना?"

पाय सुजायचं कारण वेगळं निघालं, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन मधे वाढवली होती, त्याने घोट्याला सूज येते बऱ्याच जणांना. डॉक्टरांना दाखवा म्हटलं, त्यांनी डोस बदलला. पण अंगात पाणी साचतंय का हे कळायला एकच स्वस्त उपाय आहे, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, वजन करायचं आणि लिहायचं. ट्रायलमधेही हेच करतात, काही मोठं शास्त्र नाही.

"काट्याचं सांगू नकोस," मामा म्हणाले, "आयुष्यभर काट्यानंच मारलंय आमाला." ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. मी म्हटलं हा काटा तुमच्या घरातला आहे, यात कुणाचा पाय खाली नाही.

मग मीठ. मामींनी फोन घेतला आणि माझ्याकडे तक्रार सुरू, की हे म्हणतात मी वरून मीठ घेत नाही, आणि खरंच घेत नाहीत, पण खर्डा, लोणचं, पापड, ताकात मीठ, ते कशात धरायचं. दिवसाला पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून, असं मी सांगितलं तर पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मामांचा आवाज आला लांबून, "आमच्या खालच्या रानासारखं झालं की, पानी पाजून पाजून खार वर आला." कृष्णाकाठी क्षारपड जमीन म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्याला किडनी वेगळी शिकवावी लागत नाही. निचरा नाही तर संपलं. पुढच्या वर्षी बी रिसेप्टर शिकवताना हे मी वर्गात चोरून वापरणार आहे.

काल मामेभावाने कॅलेंडरचा फोटो पाठवला. प्रत्येक तारखेच्या चौकटीत पेनाने ७१.२, ७१.४, ७१.१, ७१.३ असं चाललंय, दुधाच्या हिशेबाच्या बाजूलाच. फक्त एका सोमवारी ७२.९, आणि खाली मामींच्या अक्षरात लिहिलंय, "काल बारसं. तीन पापड, लोणचं दोनदा."